तिसऱ्या बाजाराची सुई

माझ्या हातचं इंजेक्शन दोन दिवस दुखायचं. मोखाडा तालुक्यात माझी हीच ख्याती. मला वाटेवर पाहिलं की पोरं कुडामागं पळायची आणि म्हातारे एकमेकांना म्हणायचे, आली नुरीबाय, आता मांडी घालून बसायची सोय गेली. खरं तर दुखायचं ते औषध, माझा हात नव्हे. कुठल्याही नर्सनं दिलं तरी ते तेवढंच दुखतं. नोकरीभर हे सांगत आले, कोणाला पटलं नाही. आता दिवाळी अंकात छापून आल्यावर तरी पटेल, अशी आशा आहे.

मी जव्हारची. वडील पत्र्याचं काम करायचे. चिमण्या, चाळण्या, धान्याचे डबे बनवून ते आठवड्याच्या बाजारांना घेऊन जात आणि शाळेला सुट्टी असली की मीही त्यांच्याशेजारी गोणपाटावर बसायची. पाड्यावरून आलेल्या बाईला तारीख सांगून काही उपयोग नसायचा. अब्बा सांगायचे, "तिसऱ्या बाजाराला डबा तयार." बाई बरोबर तिसऱ्या बाजाराला येऊन उभी. पुढे मी नर्स झाले तेव्हा अब्बांना वाटलं, पोरगी पत्र्यातून सुटली. पण त्यांच्या धंद्यातली ही एक युक्ती मी सरकारी दवाखान्यात नेली. तिनंच माझं नाव केलं आणि तिनंच मला एकदा तोंडावर पाडलं. ते कसं, ते सांगायला बसले आहे.

आधी आजार सांगते. हृदयविकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे शहरातला पोट सुटलेला माणूस येतो, छातीवर हात ठेवून खुर्चीत कोसळणारा. आमच्या पाड्यांवरचा हृदयविकार निराळा, आणि तो जास्त करून बायकांच्या वाट्याला आलेला मी पाहिला. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो. मग गुडघे, घोटे सुजतात. एक सांधा बरा झाला की दुसरा धरतो. महिन्याभरात पोर पुन्हा हुंदडायला लागतं आणि घरचे विसरून जातात. पण तो ताप जाता जाता हृदयाच्या झडपेला दुखापत करून गेलेला असतो. पुन्हा घसा, पुन्हा ताप, झडप आणखी जाड. पोरीचं लग्न होतं, दिवस जातात, अंगावर दोन जिवांचं काम पडतं आणि मग झडप पुरी पडत नाही. दम लागतो, पाय सुजतात, आडवं झोपता येत नाही. यावर उपाय साधा आहे: दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं. त्यानं झडप बरी होत नाही, पण ताप उलटत नाही आणि आहे ती झडप टिकते.

उपाय साधा म्हटलं खरं, पण ती सुई देणं म्हणजे नाकी नऊ. बाटलीत पांढरी भुकटी. आम्ही तिला नुसतं 'बारा लाख' म्हणायचो, कारण बारा लाख युनिटची. पाणी घालून हलवली की ताकासारखी दाट होते, आणि लगेच दिली नाही तर सुईतच अडकून बसते. मग सुई बदला, पुन्हा टोचा, बाईच्या शिव्या खा. आधी हातावर थोडंसं टोचून बघायचं, अंगावर पित्त उठतं का. काही नाही झालं तर कमरेखाली, खोलवर, सावकाश. आणि त्यानंतर अर्धा तास बाईला नजरेसमोरून हलू द्यायचं नाही, कारण हजारात एखादीला हे औषध असं उलटतं की बघता बघता माणूस जातं. त्या भीतीनं कितीतरी दवाखाने हे इंजेक्शन द्यायचंच टाळत. मी टाळलं नाही. उलटल्यावर द्यायचं औषध भरून शेजारी ठेवायची आणि मग 'बारा लाख'ला हात लावायची. एवढ्या वर्षांत ते दोनदा वापरावं लागलं आणि दोन्ही बाया चालत घरी गेल्या. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवणार नाही.

सुकरी माझ्याकडे आली ती डोलीतून. नव्वदनंतरची गोष्ट. सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यावरची एकोणीस-वीस वर्षांची पोर, पहिलटकरीण, सातवा महिना. डोलीला पुढे नवरा लहानू, मागे त्याचा भाऊ, आणि त्यांच्या मागून बडबडत येणारी सासू. मी सुकरीची पापणी खाली ओढून पाहिली. पांढरी फटक. झालं, रक्त कमी. लाल गोळ्या मी दोन महिन्यांपूर्वी त्याच पाड्यावर तिला देऊन आले होते, आता विचारलं की खाल्ल्यास का, आणि उत्तर यायच्या आधीच रागावूनही घेतलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे माझ्या घरचेही सांगतील.

सासू म्हणाली, गोळ्या खाल्ल्या, पण ही मुळातच आळशी. पाणी घेऊन येताना चार ठिकाणी हंडा ठेवते. बाकीच्या बाया घरी पोचून भाकऱ्या थापतात, तरी ही वाटेतच. आणि झोपायचं सोडून कुडाला टेकून बसून राहते.

आमचे डॉक्टर नुकतेच शिकून आलेले, कोवळे, पण कान तयार. ते उठून आले. सुकरीच्या छातीला नळी लावून इतका वेळ ऐकत राहिले की मला वाटलं, यांना झोप लागली. मग त्यांनी नळी माझ्या कानात घातली. निरोगी हृदय दोन ठोके देतं, स्वच्छ. इथे मधेच एक गडगड होती, जात्यासारखी. मी त्या पोरीला दोन महिने लाल गोळ्यांवर ठेवलं होतं.

त्या दिवसापासून मी एक प्रश्न शिकले. पाड्यावरच्या बाईला "दम लागतो का?" विचारलं तर ती नाही म्हणते. दम कोणाला लागत नाही? मी विचारायला लागले, "पाण्यावरून येताना हंडा किती ठिकाणी ठेवतेस? आणि गेल्या वर्षी किती ठिकाणी ठेवायचीस?" सूर्यमाळला उन्हाळ्यात पाणी खाली दरीत असतं, चढ छातीवर येतो. बायांना प्रत्येक थांबा तोंडपाठ: आंब्याखाली, दगडापाशी, वळणावर. गेल्या वर्षी एक आणि यंदा चार म्हणाली, की तिला धरून डॉक्टरांपुढे बसवायची. असं करत नऊ-दहा बाया गोळा झाल्या.

सुकरीचं बाळंतपण जव्हारला सुखरूप झालं. मुलगी झाली. त्यानंतर सुकरी माझ्या सुईची झाली. या सगळ्या बायांना मी सांगितलं, तिसऱ्या बाजाराला यायचं. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस, हिशेब चोख. बाजाराला त्या येणारच होत्या. येताना माझ्याकडून टोचून जायचं. तालुक्याच्या बैठकीत माझ्या बायांची हजेरी पाहून वरचे साहेब विचारायचे, काय करता हो तुम्ही? मी नाक वर करून सांगायची, बाजार.

सुईनंतरचा तो अर्धा तास, तीच आमची शाळा. दवाखान्याच्या ओसरीवर बाया एका कुशीवर कलून बसलेल्या, कारण दुसऱ्या बाजूला टोचलेलं. शिकवताना सुरुवातीला मी हृदयाचं चित्र दाखवलं. त्यांनी ते पाहिलं आणि एकीनं विचारलं, हा आंबा कसला? चित्र गुंडाळून ठेवलं. मग म्हटलं, संध्याकाळी ढोरं गोठ्यात येतात, तिथं दाराला ताटी असते की नाही? ती पावसानं फुगली आणि अर्धीच उघडली तर काय होतं? सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ढोरं बाहेर तुंबतात, एकमेकांना शिंगं मारतात, अंगणात चिखल होतो. म्हटलं, ढोरं म्हणजे रक्त, ताटी म्हणजे झडप आणि अंगण म्हणजे तुमची फुप्फुसं. पळालात, ओझं उचललंत, की ढोरं एकदम येतात. अंगणात दाटी झाली की दम लागतो. यापुढे मला चित्र लागलं नाही.

डॉक्टर म्हणायचे विश्रांती घ्या. तसं सांगून ते मोकळे व्हायचे आणि बाया माझ्याकडे बघायच्या. भाताच्या आवणीच्या दिवसांत विश्रांती? मी विश्रांती हा शब्दच टाकला. त्याऐवजी सासूला बोलावून एकेक काम मागायची. पाणी हिचं नको, भाकऱ्या हिच्या. मोळी नको, पोरं सांभाळायला हिच्याकडे द्या. अशी देवाणघेवाण सासवांना कळते. लघवीची गोळी मात्र कोणाला आवडायची नाही. ती घेतली की तासाभरात चार वेळा आडोसा शोधावा लागतो, आणि बाजाराच्या दिवशी जीप काय मधे थांबत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी ती गोळी घरी गेल्यावर घ्या, असं मी माझ्या अधिकारात ठरवून टाकलं. डॉक्टरांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आमच्यात एक म्हातारी फुकटची यायची. तिला आजार काही नव्हता, पण अर्धा तास गप्पा ऐकायला मिळतात म्हणून ओसरीवर बसायची. एकदा म्हणाली, सगळ्यांना टोचतेस, मलाच का नाय? सुई दाखवल्यावर महिनाभर फिरकली नाही. मग पुन्हा यायला लागली. ती आली नाही की चुकल्यासारखं वाटायचं.

सगळं गोड झालं असं नाही. एका पोरीला दुसरं मूल होऊ देऊ नका म्हणून मी तिच्या नवऱ्याच्या हातापाया पडले होते. नाही ऐकलं. ती आठव्या महिन्यात गेली. तिचं नाव इथे लिहीत नाही, पण रोज आठवतं.

आता मूळ गोष्ट. दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्टीवर जातात, ती होळीला येतात. लहानू आणि सुकरीही निघाले. आदल्या बाजाराला माझ्या जाणाऱ्या पाच जणींना मी एकेक चिठ्ठी दिली: हिला हृदयाचा आजार आहे, अमुक इंजेक्शन द्यावे, दिल्यावर शिक्का मारावा. तिकडच्या सरकारी दवाखान्याची वाट समजावली. ओसरीवर ही गर्दी, कोणाचं पोर रडतंय, जीपवाला हॉर्न वाजवतोय. तेवढ्यात सुकरीनं विचारलं, "तिकडं पण तिसराच बाजार, बाय?"

मी सुई उकळत ठेवत होते. मान वर न करता म्हटलं, "तिसरा म्हणजे तिसरा. बाजार काय इथला नि तिथला. आणि एकही चुकवशील तर याद राख."

होळीच्या दोन दिवस आधी लहानूनं तिला पाठुंगळी घेऊन ओसरीवर आणलं. दोन्ही गुडघे टम्म फुगलेले, अंग भाजत होतं, एका वाक्यात तीनदा श्वास घेत होती. ताप उलटला होता. म्हणजे सुया चुकल्या, दुसरं कारण असूच शकत नव्हतं. माझा पारा चढला. सात-आठ बाया बसलेल्या, त्यांच्यादेखत मी तिला फाडून खाल्लं. दोन वर्षं शिकवलं ते सगळं चुलीत घातलंस? तुझ्या पोरीला कोण बघणार? असं बरंच काही.

 सुकरीनं कनवटीला खोचलेला एक दोरा काढून माझ्या हातात दिला. दोऱ्याला गाठी होत्या आणि दर तिसऱ्या गाठीत लाल धागा गुंफलेला.

"एक गाठ, एक बाजार," ती म्हणाली. "तू सांगलंस तसाच केला. एक पण नाय चुकवला."

मी चिठ्ठी मागितली. पाच शिक्के असायला हवेत तिथे दोन होते. तारखा वाचल्या. दोन शिक्क्यांमधे पंचेचाळीस दिवस. पुन्हा बोटांवर मोजले, पंचेचाळीसच. लहानूला विचारलं, तिथला बाजार कधी भरतो? तो म्हणाला, भरतो आठवड्याला, पण त्याचं आम्हाला काय? भट्टीवर शेठ पंधरा दिवसांनी सोडतो, त्या दिवशी आम्ही बाजाराला जातो.

पंधरा दिवसांनी एक बाजार. तिसरा बाजार पंचेचाळिसाव्या दिवशी.  पोरीनं माझा शब्द अक्षरशः पाळला होता, आणि पाळला म्हणूनच ती अशी माझ्यासमोर पडली होती. विचारलंही होतं तिनं. मीच मान वर केली नव्हती.

त्या क्षणी मी चूक कबूल केली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी औषध आणायचं निमित्त करून आतल्या खोलीत गेले. टेबलावर नोंदवही होती. इंजेक्शनं चुकवणाऱ्यांसाठी आमच्याकडे एक शब्द असतो, 'अनियमित'. सुकरीच्या नावापुढे तो एक शब्द लिहिला की काम संपलं. वरून कोणी विचारणार नव्हतं, खालून कोणी वाचणार नव्हतं. पेन हातात घेतलेलं मला आठवतं. आणि ओसरीवरून तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

बाहेर आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. सुकरीचं काही चुकलं नाही. मी तिला चुकीचं सांगितलं, तिनं विचारलं तेव्हा नीट ऐकलं नाही, आणि आता शिव्याही तिलाच दिल्या. चूक माझी आहे. नोंदवहीत मी तसंच लिहिलं. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, एवढं सविस्तर लिहायची गरज नव्हती. पण त्यांनी खाली सही केली.

उरलेल्या चार जणींपैकी दोघी होळीला परत आल्या. दोघी आल्या नाहीत, म्हणून मी रविवारी एसटी पकडून भट्ट्यांवर गेले आणि विचारत विचारत त्यांना शोधलं. सगळ्यांनी पंचेचाळीस दिवसच मोजले होते. ताप कोणाला उलटला नव्हता, ही अल्लाची मेहेरबानी. माझी हुशारी त्यात काही नाही.

सुकरीचा ताप उतरला, गुडघे उतरले, दम काही उतरेना. डॉक्टर म्हणाले, झडप फार अरुंद झाली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात मांडीच्या शिरेतून नळी घालून आत फुगा फुगवतात, त्यानं झडप उघडते. ते झालं नाही तर पावसाळा निघणं कठीण. आणि हे बोलणं चालू असतानाच तिच्या घरच्यांनी तिला उचलून पाड्यावर नेलं.

मी मागोमाग गेले. अंगणात भगत बसलेला. सासू दारात उभी राहिली आणि मला आत घेईना. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुझ्या सांगण्यावर चालली माझी सून. त्यानंच ही गत झाली. आता सांगतेस काळजात नळी घालायला पाठव."

 खरंच होतं ते. लहानू खाली मान घालून दोरी वळत होता. मी अंगणाच्या कडेला बसले. भगताशी मी कधी भांडत नाही, तो त्याचं करतो, मी माझं. त्याचं काम आटोपून तो निघून गेला तरी मी बसूनच राहिले. शेवटी आतून सुकरीनंच हाक मारली.

ती कुडाला टेकून बसली होती. ओठ निळसर. लेक तिच्या मांडीला चिकटलेली. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "बाय, या टायमाला तुला खातरी?"

एरवी मी हो म्हणाले असते. आमच्या कामात पेशंटला धीर द्यायचा असतो, सगळं ठीक होईल म्हणायचं असतं. 

"नाही," मी म्हटलं. "फुग्यानं बरी होशील याची मला खात्री नाही. डॉक्टर सांगतात, बहुतेक जणी होतात. एखादी टेबलावर जातेसुद्धा. पण इथं अशी बसून राहिलीस तर काय होणार, त्याची मला खात्री आहे. आणि तुझ्यासोबत मी येणार, परत येईपर्यंत तिथेच राहणार, याचीही."

सुकरीनं लेकीच्या केसांतून बोटं फिरवली. मग सासूला म्हणाली, पोरीला तुझ्याजवळ ठेव.  सासूनं फडक्यात भाकऱ्या बांधायला घेतल्या, आणि लहानू उठून डोलीचा बांबू आणायला गेला.

मुंबईला आम्ही दहा दिवस होतो. रजा मी भांडून मिळवली. तिथं सगळं हिंदी नाहीतर इंग्रजी, सुकरी बावरली. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी वही घेऊन आली आणि मराठीत विचारलं, तुम्हाला काय होतंय? सुकरीनं सांगितलं, ताटी फुगली आणि अर्धीच उघडते, ढोरं अंगणात तुंबतात. डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. म्हटलं, बरोबर सांगते आहे ती, लिहून घ्या. संमतीच्या कागदावर अंगठा देताना सुकरीनं विचारलं, यात मरायचं पण लिवलंय? मी हो म्हटलं. तिनं अंगठा दिला.

तिला आत नेलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. येतील तेवढ्या सगळ्या दुआ म्हणून झाल्या. शेजारच्या बाईनं मला विचारलं, तुमची मुलगी का? मी हो म्हणून टाकलं.

झडप उघडली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वॉर्डात गेले तर पलंगावर सुकरी दिसेना.  जवळ जाऊन पाहिलं, तर ती होती, पण सपाट, पाठीवर, पाय लांब करून झोपलेली. उशी तिनं खाली टाकून दिली होती. किती महिन्यांनी ती आडवी झाली असेल! तिथली सिस्टर उशी उचलायला आली, मी तिचा हात धरला. ती पोर झोपली होती आणि मी पलंगाला धरून ढसाढसा रडत होते.

फुग्यानंतरही सुई सुटत नाही, ती चालूच. पण तिसरा बाजार मी बंद केला. नवी पद्धत सुकरीनंच सुचवली. आमच्या पाड्यांवर लग्नाचं सांगणं गाठी मारलेल्या दोऱ्यानं पाठवायची जुनी रीत आहे. रोज एक गाठ सोडायची, गाठी संपल्या की लग्न. ती म्हणाली, एकवीस गाठींचा दोरा दे. तिथं बाजार भरो न भरो, दिवस तर रोज उगवतो. तेव्हापासून सुई दिली की मी हातात दोरा द्यायची. जाणाऱ्या बायांना सुकरी ओसरीवर बसून समजावायची आणि मला दटावायची, बाय, आता मान वर कर आणि कोण काय विचारते ते ऐक. सगळ्या हसायच्या. मी ऐकायची. साहेबांनी विचारलं तेव्हा हा दोराही माझ्याच नावावर खपवावा असं वाटलं होतं, पण खपवला नाही.

सुकरीची सासू मात्र दवाखान्याची पायरी चढायची नाही. बाजारात दिसली तरी तोंड फिरवायची. मी तिला दोष दिला नाही, पण लागायचं मनाला.

पुढच्या वर्षी भातं कापून झाल्यावर ती आली. सोबत पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, तिची धाकटी लेक, लग्न ठरलेली. म्हातारी म्हणाली, हिला पण सांध्यांचा ताप येऊन गेला. चढावर बसते. लगीन व्हायच्या आधी तपास.

माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, आजी, जव्हारला मोठे डॉक्टर आहेत. माझ्या सांगण्यावर एकदा पोळलात, तरी माझ्याकडे कशी आणलीत?

म्हातारीनं ओसरीवर बूड टेकलं, पोरीला पुढ्यात ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चुकलीस ते तूच सांगलंस. दुसरा कोण सांगतो?"

आणि तिनं लेकीच्या पोलक्याची बाही कोपरापर्यंत वर सारून तिचा हात माझ्यापुढे धरला.